कॅनडातल्या भावाची औषधी गांजाची झाडं, थंडी तोंडावर आलीय, कधी काढायची?

कऱ्हाडची_ताई:
नमस्कार मंडळी, शीर्षक बघून लगेच रिपोर्ट मारू नका, आधी पूर्ण वाचा. माझा धाकटा भाऊ कॅनडात ओंटारिओमधे असतो, गावाचं नाव लंडन (विलायतेतलं नव्हे, टोरांटोपासून दोनेक तासांवरचं). तिकडं ऑक्टोबर २०१८ पासून कायदाच बदललाय, एका घरामागं ४ झाडं लावता येतात. वहिनीची केमो चालू आहे, मळमळ एवढी की पाणी पण पोटात ठरत नाही, तिच्या डॉक्टरांनीच लिहून दिलंय म्हणून भावानं मे-जूनमधे परसात ४ झाडं लावली, दोन जमिनीत आणि दोन मोठ्या कुंड्यांत. झाडं माझ्या उंचीची झालीत म्हणे, बोंडं पण भरलीत.

आता अडचण अशी की ऑक्टोबर सुरू झालाय आणि तिकडच्या हवामान खात्यानं परवा रात्री उणे १, तेरवा उणे ३ आणि मग सलग चार दिवस पाऊस असं सांगितलंय. भाऊ इंजिनियर आहे, शेतीतलं त्याला शून्य कळतं (लहानपणी बांधावर बसून नुसती गाणी ऐकायचा). त्यानं आमच्या नानांना फोन केला तर नाना म्हणाले पाला पिवळा पडून वाळला की काढ, हळदीसारखं. आता नानांनी आयुष्यभर हळद आणि ऊस सोडून काही केलं नाही, त्यामुळं मला काही भरवसा वाटेना. इथं द्राक्षवाले, स्ट्रॉबेरीवाले बरेच आहेत म्हणून विचारतेय. थंडीनं बोंडं खराब होतात का? आत्ताच कापावीत का थांबावं? आणि वाळवायची कशी, आपल्यासारखं उन्हात टाकून चालतं का?

मोकार_मिरजकर:
ताई दोन बिया पाठवा की पार्सलनं, आमची पण मळमळ जाईल 😄

कऱ्हाडची_ताई:
भाऊ चेष्टा नको, घरात आजारपण आहे.

वकिली_बाणा_सातारा:
चेष्टेत पण असलं लिहू नये, उद्या कुणीतरी खरंच करून बसतं. आपल्याकडं १९८५ चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आहे, त्यात परवान्याशिवाय एक झाड लावलं तरी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. औषधासाठी लावलं होतं साहेब, असं म्हणून परसातलं झाड कायदेशीर होत नाही. लोक सांगतात की पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत, ते एका अर्थी बरोबर आहे, व्याख्या फुलाफळाच्या शेंड्यांची आहे, पण झाड लावणं हाच वेगळा गुन्हा आहे हे कुणी सांगत नाही. उसाच्या फडात नाहीतर हळदीत मधेच चार झाडं लावलेली सापडली अशा बातम्या आपल्या सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांतून येतच असतात, आणि शेत ज्याच्या नावावर त्याला आधी उचलतात.

ताई तुमच्या भावाचं तिकडं चालतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. फक्त एक, दिवाळीला वगैरे येणार असेल तर त्यातलं तेल, गोळी, थेंब काही काही बरोबर आणू नको म्हणून सांगा. वहिनींसाठी असलं तरी, डॉक्टरचा कागद असला तरी. कॅनडातून बाहेर नेणं त्यांच्याच कायद्यात गुन्हा आहे आणि इकडं उतरल्यावर आपला कायदा आहेच.

कऱ्हाडची_ताई:
हे बरं सांगितलंत दादा, तो खरंच विचारत होता वहिनीला विमानात लागलं तर काय करायचं. यंदा येत नाहीत तसे, पण सांगते.

भिलारचा_मळेकरी:
ताई थंडीचं मी सांगतो कारण पिकावर बर्फ बघितलेली माणसं आपल्या जिल्ह्यात आमच्याच महाबळेश्वरच्या बाजूला. वेण्णा लेकच्या कडेला डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव गोठतं, पेपरात हिमकण म्हणून फोटो येतात, पर्यटकांना मजा आणि आमच्या पोटात गोळा. त्यातून शिकलेलं पहिलं म्हणजे मोबाईलवरच्या आकड्यावर जाऊ नका. मोबाईल ३ अंश दाखवतो आणि पानावर बर्फ असतो, कारण तो आकडा माणसाच्या उंचीवरच्या हवेचा, आणि उघड्या आभाळाखाली पान रात्रभर आपली उष्णता सोडत बसतं, ते हवेपेक्षा गार होतं. आभाळ निरभ्र, वारा बंद, अशी रात्र सगळ्यात वाईट. ढग असले तर उलट पांघरूण असतं. म्हणजे भावाला सांगा उणे १ दाखवतंय आणि वारा पडलाय तर जमिनीलगत त्याहून खाली गेलंय असं समज.

दुसरं, एका हलक्या रात्रीनं झाड मरत नाही. पानांच्या कडा काळपट होतील, पानं जांभळी पडतील, बोंडं बऱ्यापैकी टिकतात. (जांभळं पडलं म्हणजे पिकलं असं नव्हे हां, काही जातींत तो थंडीनं चढणारा रंग आहे, तिकडची पोरं फसतात त्याला.) पण उणे ३ आणि ते पण तासन् तास, हे वेगळं. पेशीतल्या पाण्याचा बर्फ होतो, पेशी फुटते, सकाळी ऊन लागलं की पालेभाजी उकडल्यासारखा पाला लोंबतो. तोवर पण माल वाचतो, खरा घात पुढं आहे. फुटलेल्या पेशीतून पाणी सुटतं आणि त्यावर करडी बुरशी बसते. आमच्या स्ट्रॉबेरीवर फळाला जी राखाडी लव येते ना तीच, बॉट्रायटिस. ती या झाडाला पण येते, आणि तुमच्याकडं तर गोठण्याच्या पाठोपाठ चार दिवस पाऊस सांगितलाय. हे कॉम्बिनेशन लई वाईट ताई.

तर परवाची उणे १ ची रात्र झाकून काढता येईल. जुनी चादर किंवा सुती साडी, चार काठ्या रोवून त्यावर टाकायची, बोंडाला टेकू द्यायची नाही आणि खाली जमिनीपर्यंत सोडायची, कारण ऊब जमिनीतून येते. प्लॅस्टिक नको, जिथं टेकेल तिथं गारठा उतरतो आणि आतून घाम येतो. सकाळी सूर्य वर आला की लगेच काढायचं, विसरला आणि ऑफिसला गेला तर आत वाफ धरते. आणि आमच्यातले काहीजण पहाटे स्प्रिंकलर लावून बर्फ धुतात ते वाचून कुठं पाईप घेऊन उभा राहील, तसलं करू नको म्हणा, बोंडात पाणी गेलं की संपलं. कुंड्या रात्री गॅरेजमधे घ्यायच्या, सोपं आहे.

तेरवाच्या उणे ३ ला जमिनीतली दोन उभी ठेवायची नाहीत. हे माझं मत.

तासगाव_बेदाणा:
भिलारच्या दादांनी बरोबर सांगितलंय पण मी अजून एक पाऊल पुढं जाऊन म्हणतो, थंडी सोडा, तुमचा वैरी पाऊस आहे. आमची ऑक्टोबर छाटणी झालीय, बाग पोंग्यात (कोवळ्या फुटीवर) आहे आणि इथं रोज संध्याकाळी आभाळ भरून येतंय, परतीचा जाता जाईना, दावण्याच्या (द्राक्षावरच्या बुरशीच्या) भीतीनं झोप नाही. त्यामुळं चार दिवस पाऊस हे वाक्य वाचून माझ्याच अंगावर काटा आला. 😅

घड जेवढा दाट तेवढी कूज आतून सुरू होते, हे द्राक्षवाल्याला सांगायला लागत नाही. बोंडाचं पण तसंच असणार कारण ती दाट गच्च असतात. बाहेरून माल झकास दिसतो आणि आत देठाजवळ राख झालेली असते. ओळखायची खूण अशी, हिरव्यागार बोंडातलं एखादंच बारीक पान उगाच पिवळं नाहीतर तपकिरी झालेलं दिसलं आणि चिमटीत धरून ओढल्यावर अलगद हातात आलं तर तिथं आत कूज आहे. बोंड उकलून बघायचं. शेंड्याचं सगळ्यात मोठं बोंड आधी बघायचं, पाणी तिथंच साठतं.

आता पिकलंय का नाही ते. नानांचं हळदीचं गणित इथं लागू नाही, हळदीत माल जमिनीखाली असतो, पाला वाळेपर्यंत तो खाली भरत राहतो. हे फुलाचं पीक, पाला वाळेपर्यंत थांबला तर फूल जातं. मी हे झाड लावलेलं नाही (वकील साहेब नोंद घ्या), पण माझा मावसभाऊ अमेरिकेत कोलोरॅडोत अशा एका लायसन्सवाल्या ग्रीनहाऊसमधे कामाला होता, तो सांगायचा की भिंगातून बघायचं. बोंडावर जे चिकट दाणे असतात, काचेच्या टाचणीसारखे, त्यांना ट्रायकोम म्हणतात, औषध सगळं त्यात. काचेसारखे पारदर्शक असतील तर कच्चं, दुधाळ झाले की तयार, आणि त्यातले थोडे मधाच्या रंगाचे व्हायला लागले की अजून थांबायचं कारण उरत नाही. बोंडाचे पांढरे केस बरेचसे तांबूस होऊन आत वळले तर ती पण खूण आहे पण केसांवर एकट्यावर जायचं नाही. तीसपट-साठपटचं छोटं भिंग मिळतं स्वस्तात, सोनार वापरतो तसलं.

कऱ्हाडची_ताई:
दादा लगेच भावाला व्हॉट्सॲप केलं, त्यानं मोबाईलची लेन्स लावून फोटो पाठवलेत. मला जेवढं कळतं त्यावरून जमिनीतल्या दोन्ही झाडांचं वरचं सगळं दुधाळ आहे, एखाद दुसरा दाणा पिवळा. कुंडीतली दोन मागं आहेत, बरेचसे दाणे अजून काचेसारखे. ती नंतर लावली होती म्हणे.

तासगाव_बेदाणा:
मग विषय संपला की. जमिनीतली दोन उद्या दुपारी कापा, दव पूर्ण उतरल्यावर आणि पावसाच्या आधी. कुंड्या आत-बाहेर करत अजून आठ-दहा दिवस काढा. पाऊस असेल तेव्हा दिवसा पण छपराखाली. अजून भरेल अजून भरेल म्हणत ज्यानं चार दिवस बाग ठेवली आणि गारपीट झाली असा माणूस प्रत्येक गावात एक आहे, आमच्या गावात तो मी आहे.

नाना_फॅन:
हळद उन्हातच वाळते पण. उकडून, मग उन्हात. हे उन्हात का नाही? बेदाणा पण उन्हातच होतो ना?

तासगाव_बेदाणा:
नाही ओ, तीच तर गंमत आहे. हिरवा बेदाणा पाहिजे तर सावलीतच, शेडमधे जाळीवर पंधराएक दिवस, हवा खेळती. उन्हात टाकला की काळपट पडतो आणि दर पडतो. ह्याचं पण तसंच, उन्हानं औषधाचा गुण उडतो आणि वास पण. शिवाय बाहेरून कडक वाळतं आणि आत ओलं राहतं. आणि कृपा करून बेदाण्यासारखं पोटॅशियम कार्बोनेटमधे बुडवू नका आणि गंधकाची धुरी तर अजिबात नको, आजारी माणसाला द्यायचंय.

मूळचा_वाईचा_आता_किचनर:
ताई मी तुमच्या भावापासून तासभराच्या अंतरावर राहतो, घरी कायदेशीर ४ झाडं दोन वर्षं लावलीत (बायकोच्या संधिवातासाठी), म्हणून वाळवायचं मी सांगतो. पहिल्या वर्षी माती केलेली आहे.

अख्ख्या फांद्या कापायच्या, मोठी पानं तिथंच काढून टाकायची, बारीक पानं राहिली तरी चालतील, आणि उलट्या टांगायच्या. अंधार पाहिजे, १५ ते २० अंश तापमान आणि हवेतली आर्द्रता ५५ ते ६० टक्के. ती मोजायला छोटं हायग्रोमीटर मिळतं, ते घ्याच, अंदाजानं करू नका. पंखा खोलीत लावायचा पण फांद्यांवर नाही, भिंतीकडं तोंड करून. फांद्या एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत. ७ ते १४ दिवस लागतात. बारीक देठ वाकवल्यावर नुसता वाकला तर ओलं आहे, कट्ट आवाज करून मोडला तर झालं.

इथली मेख अशी की ऑक्टोबरमधे घरातली हीटिंग चालू होते आणि ती हवा इतकी कोरडी करते की वरच्या मजल्यावर टांगलं तर तीन दिवसांत पापड होतो, आणि बेसमेंट मात्र पावसात ओलंगच्च. मी पहिल्या वर्षी गॅरेजमधे टांगलं, दिवसा १८ रात्री ४, दार उघडलं की पावसाची हवा आत, आठव्या दिवशी निम्म्या मालावर पांढरी बुरशी, चार महिन्यांची मेहनत कचऱ्यात. आता बेसमेंटमधेच डीह्युमिडिफायर लावून करतो. वास सुटतो, शेजाऱ्याला आधी सांगून ठेवा.

मग काचेच्या बरण्या. पाऊण भरायच्या, दाबून नाही. पहिला आठवडा रोज दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडायचं, बरणीत छोटं हायग्रोमीटर टाकून ६० च्या आसपास आकडा ठेवायचा. ६५ च्या वर गेला तर सगळं बाहेर काढून परत एक दिवस वाळवायचं. उघडल्यावर अमोनियासारखा, गोठ्यासारखा वास आला तर ओलं भरलंय.

कापायची कात्री डांबर लागल्यासारखी चिकटते, हातमोजे घाला आणि मधून मधून स्पिरिटनं पुसा.

नाना_फॅन:
म्हणजे सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवासारखंच की (जमिनीतलं हळद साठवायचं कोठार), हळद नीट वाळल्याशिवाय पेवात घातली तर पेव उघडल्यावर रडायची पाळी.

मूळचा_वाईचा_आता_किचनर:
अगदी. फक्त आमचं पेव लोणच्याच्या बरणीएवढं.

गावभागातला_फार्मासिस्ट:
सांगलीतून लिहितोय. शेतीचं सगळ्यांनी छान सांगितलं, पण एक गोष्ट कुणी नीट बोललं नाही आणि माझ्या दृष्टीनं इथं तीच मुख्य आहे. पेशंट केमोवर आहे. केमोत पांढऱ्या पेशी खाली येतात, तुम्हाआम्हाला ज्या बुरशीनं नुसत्या शिंका येतील ती त्या माणसाच्या फुप्फुसात जाऊन बसू शकते, ॲस्परजिलस नावाची बुरशी यासाठी कुप्रसिद्ध आहे आणि ती वाळलेल्या पाल्यावर, बोंडांवर आढळते. त्यामुळं खराब भाग कापून बाकीचं वापरू, धुऊन घेऊ, भाजल्यावर मरेल, हे निरोगी माणसाचे हिशोब झाले. तुमच्या घरात ते चालणार नाहीत. ज्या बोंडात कूज दिसली ते बोंड आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं कचऱ्यात. शंका आली तरी कचऱ्यात. गुण थोडा कमी असलेला स्वच्छ माल हा पूर्ण पिकलेल्या पण ओल लागलेल्या मालापेक्षा कधीही बरा, म्हणून लवकर कापायचं म्हणतात त्यांच्या बाजूनं माझं मत.

आणि दिसत नाही म्हणजे बुरशी नाही असंही नाही. वहिनींनी घरचं घेण्याआधी ऑन्कॉलॉजिस्टना स्पष्ट सांगावं की हे परसातलं आहे, कसं घेणार आहोत, धूर का तेल. धूर तर मला अजिबात नको वाटतो. झोपेच्या, दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर गुंगी वाढते ते पण विचारायचं. डॉक्टर म्हणाले घरचं नको, तिकडं परवाना असलेल्या कंपन्यांचा लॅबमधे तपासलेला माल रीतसर मिळतो तो घ्या, तर तो घ्यावा. झाडं वाया गेली म्हणून वाईट वाटून घेऊ नये.

कऱ्हाडची_ताई:
सर हे वाचून थोडं घाबरले पण बरं झालं सांगितलंत. भावाला आख्खा धागा पाठवलाय.

वकिली_बाणा_सातारा:
फार्मासिस्ट साहेबांना अनुमोदन. माझ्या आईच्या केमोत आम्हाला घरची कोशिंबीर पण बंद सांगितली होती, तिथं बोंडांचं काय.

भिलारचा_मळेकरी:
ताई काय झालं ते कळवा, उत्सुकता लागलीय.

कऱ्हाडची_ताई:
आठवडा झाला, अपडेट देते. जमिनीतली दोन त्यानं दुसऱ्याच दिवशी दुपारी कापली, रजा टाकून. एका झाडाच्या शेंड्याच्या दोन मोठ्या बोंडांत तासगावच्या दादांनी सांगितलेली खूण बरोबर सापडली, पिवळं पान अलगद हातात आलं आणि आत राख. तो सारखा म्हणत होता की ताई बाहेरून इतकं सुंदर दिसत होतं. ती दोन्ही आणि त्यांच्या खालची फांदी सगळी टाकली. त्याला जीवावर आलं होतं, वहिनीनंच उचलून पिशवीत भरली.

उणे ३ ची रात्र झाली, शेजारच्या बाईच्या परसात भोपळ्याचे वेल सकाळी काळे पडले होते म्हणे. कुंड्या गॅरेजमधे सुखरूप, अजून थोडे दाणे पारदर्शक आहेत, या रविवारी कापणार. बेसमेंटमधे टांगलेलं अजून वाकतंय, मोडत नाही. हायग्रोमीटर ५८ दाखवतोय. डॉक्टरांची भेट पुढच्या मंगळवारी आहे, ते काय म्हणतील तसं, तोवर वहिनीला यातलं काही द्यायचं नाही असं दोघांचं ठरलंय, तिला सध्या दुकानातलं तेल चालू आहे.

आणि नानांना काल व्हिडिओ कॉलवर बेसमेंट दाखवलं तर बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, अरे एवढी मेथी कशाला वाळत घातलीस. त्यांना काय पीक आहे ते अजून कुणी सांगितलेलं नाही.